आधी भारे बांधा, मग मोजा

आमच्या इन्स्टिट्यूटच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची एक भिंत आहे. भिंत म्हणजे नावालाच. अलीकडे मी मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवतो, पलीकडे कॉम्प्युटरचा वर्ग चालतो. सध्या पलीकडे एक नवीन सर आहेत. हुशार आहेत, सभ्य आहेत, आणि इतकं हळू बोलतात की वर्ग चालू आहे की पोरं झोपलीत, हे मला उठून पाहावं लागतं. पटले मॅडमच्या काळात ही पंचाईत नव्हती. त्या बोलायला लागल्या की माझ्या पोरांची बोटं आपोआप थांबत, बाहेरचा पानठेलेवाला आपला रेडिओ बंद करी, आणि बसस्टँडकडे निघालेला एखादा माणूस आत डोकावून विचारी, "कोनाचं भांडन लागलं जी?"

भांडण नसे. मॅडम डाटाबेस शिकवत असत.

सुलोचना पटले. पन्नाशी ओलांडलेली उंच बाई, जाड भिंगाचा चष्मा, कडक इस्त्रीची साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. "चपलेचा पट्टा तुटला की मानूस लाचार होते," हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण. एमएस्सी झालेल्या होत्या आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत. विनय नावाचा प्रकार त्यांच्या वाटणीला आलाच नव्हता. "माझ्यासारखं शिकवनारी भंडाऱ्यापासून राजनांदगावपर्यंत एक दाखवा, उद्यापासून मी भाजी विकते," असं त्या पालकांसमोर खुशाल म्हणत. सुरुवातीला मला त्याचा फार राग यायचा. पुढे लक्षात आलं की बाई खरंच बोलते, मग करता काय!

घरी फोनवर पोवारी, वर्गात झाडीबोली, गोंदियाला गेल्या की ठसठशीत हिंदी, आणि तिन्हीत आवाज एकच. माझ्या वर्गात पंचवीस-तीस कीबोर्ड एकदम वाजायला लागले की त्या डस्टरनं प्लायवूड ठोकायच्या. "डोंगरे जी, तुमची गारपीट थांबवा जरा! इकडं धान झोपून राहिलं!" माझी पोरं फिदीफिदी हसायची. मी थांबवायचो. न थांबवून सांगतो कोणाला?

त्या भिंतीमुळे झालं असं की मी एकही दिवस न शिकता एसक्यूएल, म्हणजे डाटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकलो. कानानं शिकलो, जसं शेजारच्या घरचं भांडण आपल्याला पाठ होतं. एकदा घरी नवस फेडायचा होता, बायकोनं विचारलं, "पाव्हणे किती येतील?" मी म्हटलं, "गावानुसार सांगू की नात्यानुसार?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. दोष माझा नव्हता.

मॅडमचा आवडता धडा म्हणजे दिवसावारी मोजणी. कोणत्या दिवशी किती नोंदी झाल्या ते काढायचं. ऐकायला किती सोपं! त्यांचं म्हणणं, माणसाची अक्कल पाहायची असेल तर त्याला एवढंच काम द्या. शिकवायची पद्धत अशी की आधी कॉम्प्युटर बंद. "धान कापलं. बांधीत पसरलं आहे. किती झालं ते कसं सांगशीन? एकेक काडी मोजशीन का? आधी भारे बांधा, मग मोजा! ग्रुप बाय म्हनजे भारे बांधनं. काउंट म्हनजे मोजनं. उलटं केलं तर मार खाशीन." एवढं सांगून झालं की कॉम्प्युटर सुरू.

एकदा एका मुलानं इन्स्टिट्यूटच्याच हजेरीवर ही मोजणी चालवली आणि पडद्यावर नुसते एक, एक, एक असे आकडे धो धो वाहायला लागले. दिवसाला एकच पोरगा येतो की काय? मॅडम त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला इकडे शांतता ऐकू आली, म्हणजे आता वीज पडणार. "अरे येड्या, तू तर एकेका लोंबीचा भारा बांधला बे! तारखेच्या संगं तास, मिनिट, सेकंद सगळंच धरलं तुनं. एका सेकंदाले आलेला दुसरा भेटंलच कुठून? घड्याळ काप! नुसता दिवस ठेव!" त्यानं घड्याळ कापलं. भारे नीट बांधले गेले. अन् पुढच्या क्षणाला त्याच मुलाच्या पाठीत कौतुकाचा असा धपाटा बसला की त्याचा आवाज मला भिंतीअलीकडे आला.

दुसरा किस्सा अंकुशचा. अंकुश म्हणजे मॅडमचा लाडका पोट्टा, पुढे नागपूरला सॉफ्टवेअर कंपनीत लागला. तेव्हा इथेच शिकत होता आणि स्वतःला फार शहाणा समजत होता. त्यानं दिवसावारी हजेरी काढून ऐटीत दाखवली. मॅडमनी एक नजर टाकली.

"बाजाराचा दिवस कुठं गेला?"

"त्या दिवशी कोनी येतच नाही मॅडम. म्हनून तो निघालाच नाही."

"कोनी आलं नाही म्हनून सूर्य नाही उगवला का बे त्या दिवशी? रिकामा दिवस बी दिवसच असते. त्याच्यासमोर शून्य लिही!"

अंकुशनं मग कॅलेंडरातल्या सगळ्या तारखांचा एक वेगळा तक्ता केला, त्याला हजेरी जोडली, आणि पुन्हा मोजलं. बाजाराच्या दिवशी एक जण आला! कारण समोर कोणी नसलं तरी ती रिकामी ओळ मोजणीत एक म्हणून धरली गेली. मॅडमना हसू आवरेना. "रिकाम्या खुर्चीले मानूस म्हनून मोजलं रे! भूत बसलं का तिथं?" आठवडाभर अंकुशला सगळे भूत म्हणत होते. पण मॅडमनी त्याच दिवशी संध्याकाळी स्वतःच्या हातचा चिवडा त्याला खाऊ घातला, आणि माझ्या वाट्याला फक्त वास आला.

हे सगळं गमतीचं. आता जे सांगतो ते गमतीचं नव्हतं.

तालुक्यातल्या काही व्यापाऱ्यांनी मिळून आमच्या गोरेगावात, मुंबईच्या नव्हे, गोंदियाजवळच्या, पोरापोरींसाठी एक अभ्यासिका काढली. अध्यक्ष एक राइस मिलवाले शेठजी. माणूस दिलदार, पण शिस्तीचा भोक्ता. पहाटे पाचला दार उघडायचं, रात्री नऊला कुलूप. आत शिरताना दारावरच्या मशीनला कार्ड टेकवायचं, की झाली हजेरी. महिनाअखेर मशीन सांगणार, कोण किती दिवस आलं. जो सारखा गैरहजर, त्याची जागा दुसऱ्याला. आणि जे सगळ्यात नियमित, त्यांना नागपूरला पोलीस भरतीच्या निवासी शिबिराला ट्रस्ट आपल्या खर्चानं पाठवणार. ह्या शिबिरासाठी पोरं जीव टाकत होती. मशीनचं सॉफ्टवेअर अंकुशनं बनवलं होतं, आणि मॅडम ते गावभर सांगत फिरल्या होत्या.

जीव टाकणाऱ्यांत एक रोशनी शेंडे. आमच्याच इन्स्टिट्यूटची पोरगी. गाव शेतांपलीकडे, यायला सायकल. तिच्या गावी एक निवृत्त जवान पोरींना धावायला शिकवायचे. एक दिवस धावणं, एक दिवस आराम. धावायच्या दिवशी ती अभ्यासिकेत सहाला पोचायची. आरामाच्या दिवशी दार उघडतानाच, पाचला, हजर. नवाला निघून घरी, मग शेतात. एक दिवस चुकवला नाही पोरीनं. थंडीत तिच्या सायकलच्या हँडलवर दव साचलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

महिना संपला आणि यादीतून रोशनीचं नाव कटलं. कारण लिहिलं होतं, एक दिवस आड येते.

ती भांडायला गेली. शेठजींनी कारकुनाला सांगितलं, "लड़की बोल रही है तो पूरा निकालके देख लो." कारकुनानं कटलेल्या नावांचा तपशील काढला, वेळेसकट. आणि त्यात रोशनीच्या हजेरीच्या वेळा होत्या रात्री साडेअकरा, रात्री साडेबारा.

झालं. रात्री अभ्यासिकेला कुलूप असतं. मग ही पोरगी आत कशी शिरली? कोणासोबत? किल्ली कोणी दिली? चौकीदार बिचारा शपथा घेत बसला. पानठेल्यावर चर्चा, किराणा दुकानात चर्चा. ज्यांनी आयुष्यात अभ्यासिकेचं दार पाहिलं नव्हतं त्यांना तिच्या आतलं सगळं माहीत होतं. गावाला असली बातमी मिळाली की पंखच फुटतात. रोशनीचे वडील आले, तिचं कार्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवलं आणि कोणाकडे न बघता निघून गेले. पोरीला म्हणाले, आता घरी बस.

दुसऱ्या दिवशी ती कशीबशी निघून मॅडमच्या वर्गात आली आणि रडायला लागली. मी कीबोर्ड थांबवून दाराशी गेलो. मला वाटलं, मॅडम तिला जवळ घेतील. मॅडम खुर्चीवरच बसून राहिल्या.

"रडनं झालं का? आता सांग."

रोशनीनं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "तू खोटं बोलून राहिली की मशीन, मले मालूम नाही. पाहू."

खरं सांगतो, मला बाईचा भयंकर संताप आला. पोरगी उद्ध्वस्त व्हायला निघाली आणि ही म्हणते, पाहू! मी तसं बोललोही. मॅडम माझ्यावर उखडल्या. "मी हो म्हटल्यानं कोन मानंल डोंगरे जी? सगळे म्हनतील, मास्तरीन आपल्या पोरीची बाजू घेऊन राहिली. मले मोजू द्या."

अंकुशला फोन लागला. "भूता, पूरी फाइल पाठव. कटलेल्याइची नको. सगळ्याइची."

"मॅडम, ट्रस्टची परवानगी लागंल."

"मग शेठजीले विचार अन् पाठव. मी कुठं चोरी कर म्हनून राहिली?"

शेठजींनी हो म्हटलं. फाइल आली. दुपारभर पलीकडून नुसतं पुटपुटणं. रोशनीची दिवसावारी मोजणी त्या मोठ्यानं वाचत होत्या. "दोन. शून्य. दोन. शून्य. दोन. शून्य. हे काय येनं झालं का? एका दिवशी दोनदा कायले येईल कोनी, अन् दुसऱ्या दिवशी गायब?"  आणि मग डस्टरचा असा दणका की माझ्या बाजूचं कॅलेंडर खाली पडलं. "डोंगरे जी! इकडं या!"

गेलो. त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "संध्याकाळी अभ्यासिका कशी असते?"

"पाय ठेवायला जागा नसते मॅडम."

"मग ह्या फाइलीत दुपारी साडेतीनच्या नंतर एक बी मानूस कसा नाही? एक बी नाही! अन् हा पाहा. बंटी. शेठजीचा भाचा. रोज पहाटे साडेचारले हजर!"

मला हसूच फुटलं. बंटीला अख्खं गोरेगाव ओळखतं. तो पोट्टा नवाच्या आधी उठला तर घरचे त्याला दवाखान्यात नेतील. मी म्हटलं, "मॅडम, बंटी दहाशिवाय बाहेर पडत नाही."

"दहा," मॅडम म्हणाल्या. "दहा, अन् इथं साडेचार." आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "साडेपाच तास! अवो माय वो, साडेपाच तास!"

मला त्यांनी जे समजावलं ते असं. अभ्यासिकेच्या नोंदी ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर साठत होत्या, तो साऱ्या दुनियेच्या एकाच घड्याळानं चालतो, आणि ते घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे आहे. गोरेगावात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा त्याच्या लेखी काल रात्रीचे साडेअकरा असतात. रोशनी आज सहाला आली, तर ती आजच्या दिवसात पडते. उद्या पाचला आली, तर तीही आजच्याच दिवसात पडते आणि उद्याचा दिवस रिकामा. साडेपाचच्या आधी येणारा प्रत्येक जण कालच्या भाऱ्यात बांधला जात होता. जी पोरगी सगळ्यात लवकर उठून आली, तीच गैरहजर! आणि हे कोणाला दिसलं नाही, कारण चौकशी फक्त कटलेल्या नावांची झाली. आमच्याकडे हीच रीत. ज्याच्यावर बोट, त्याचंच घर धुंडाळायचं. बंटीचा कागद काढायचं कोणाच्या मनात येणार?

मी म्हटलं, "शेठजींना फोन करा. नाव परत टाकतील."

"फोन?" मॅडम ताडकन उभ्या राहिल्या. "पोरीचं नाव चौकात गेलं. ते परत बी चौकातच आलं पाहिजे. फोनवर गुपचूप नाही."

रविवारी अभ्यासिकेच्या हॉलमध्ये सभा. कोण नव्हतं तिथे? ट्रस्टी, पोरंपोरी, पालक, पानठेलेवालासुद्धा दुकान बंद करून आलेला. रोशनीचे वडील दाराशी, खांद्यावर शेला, आत यायला तयार नाहीत. रोशनी दोन मैत्रिणींच्या मध्ये मान खाली घालून. भिंतीवर प्रोजेक्टर, अंकुश नागपूरहून फोनवर.

शेठजी म्हणाले, "देखो मॅडम, आपकी इज्जत है, लेकिन मशीन झूठ नहीं बोलती."

"मी कुठं म्हनून राहिली, झूठ बोलते म्हनून? मशीन खरं बोलते. फक्त आपल्या घड्याळानं नाही बोलत. बंटीबाबू, उभे राहा."

बंटी उभा राहिला.

"तुम्ही रोज पहाटे साडेचारले अभ्यासिकेत येता. मशीनमध्ये लिहिलं आहे. खरं आहे का?"

आधी एक जण हसला, मग दहा, मग छप्पर उडेल असा हशा. स्वतः शेठजी खुर्चीत मागे रेलून हसले. "ये? और साढ़े चार बजे? इसके माँ-बाप को खबर करो भाई!" बंटी लाजून लाल झाला, पण तोही हसत होता.

"आता हसनं थांबवा अन् घड्याळ पाहा. किती वाजले?"

"साडेअकरा!" पोरं ओरडली.

"दिवसाचे की रात्रीचे?"

"दिवसाचे!"

"शेठजी, तुम्ही स्वतः जा अन् तुमचं कार्ड टेकवा मशीनले."

शेठजी गेले. बीप वाजला. मॅडमनी पडद्यावर शेवटची नोंद आणली. शेठजींचं नाव, आणि समोर वेळ, सकाळचे सहा. लख्ख ऊन पडलेलं, आणि मशीन म्हणतंय सकाळचे सहा.  शेठजी पडद्याकडे पाहात दाराशीच थबकले. "अरे," ते म्हणाले, "मैं तो अभी आया."

मग मॅडम दोन बोटांनी टाइप करायला लागल्या. दोन बोटांचं टायपिंग पाहून मी नेहमी मान फिरवतो, पण त्या दिवशी मी ती दोन बोटं डोळ्यांत साठवली. त्या एकेक पायरी सांगत होत्या. "पैले साडेपाच तास जोडा. मग घड्याळ कापा, नुसता दिवस ठेवा. मग दिवसाचे भारे बांधा. अन् मग मोजा. बाकी काही नाही." एंटर दाबलं.

रोशनी शेंडे. एक. एक. एक. एक. वरपासून खालपर्यंत एक. कुठेच शून्य नाही, कुठेच दोन नाही. पोरं आधी मनात वाचत होती, मग मोठ्यानं वाचायला लागली, "एक! एक! एक!" आणि कधी त्याच्या टाळ्या झाल्या कळलंच नाही. मॅडमनी आणखी एक ओळ टाकली, सगळ्यात जास्त दिवस कोण आलं ते वरती. पहिलं नाव रोशनीचं होतं. त्याखाली तिच्या गावच्या त्याच दोन मैत्रिणी.

फोनवरून अंकुश रडवेला होऊन म्हणाला, "मॅडम, चुकलो मी."

"तू नाही बे. मी." एवढ्या गर्दीत, त्या खणखणीत आवाजात. "मी इतकी वर्षं शिकवलं, दिवसाचे भारे बांधा. दिवस कोनाचा, हे कधी शिकवलंच नाही. इथल्याच कॉम्प्युटरवर काम, इथलंच घड्याळ, मले गरजच नाही पडली. आता शिकवीन."

मॅडमनी चूक कबूल केलेली मी तेव्हा एकदाच पाहिली, आणि तीही त्यांनी जिंकल्यासारखीच केली.

रोशनीचे वडील हळूहळू पुढे आले.  "मॅडम जी, ते रात्रीचं... ते नव्हतं ना?"

"नव्हतं. तुमची पोरगी पहाटे पाचले थंडीत सायकल मारत आली. त्याले ह्या गावानं रात्र म्हटलं."

कोणी मान वर केली नाही. शेठजींनी ऑफिसच्या टेबलावरून रोशनीचं कार्ड आणलं, ते वडिलांच्या हातात दिलं आणि हात जोडले. "भाऊ, गलती हमारी. आप ही दे दीजिए बेटी को." वडिलांनी ते कार्ड शेल्यानं पुसलं आणि रोशनीच्या हातात ठेवलं. मी रडलो. लाज कसली त्यात? पानठेलेवालाही रडला. मॅडम रडल्या नाहीत. त्या प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होत्या आणि ट्रस्टींना विचारत होत्या, "आता सगळ्याइले भजे कोन खाऊ घालते?" शेठजींनी घातले. कढईवर कढई उतरली.

त्यानंतर सहा महिने आम्हाला दुसरी कथा नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून मॅडम सांगत आणि दर वेळी हशा मोठा होत जाई, टाळ्या लांबत जात. शेवटी शेवटी तर आमदारही सभेला होते असं त्या सांगायला लागल्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, आमदार नव्हते." त्या म्हणाल्या, "नव्हते ते त्याइचं नुकसान." पण नव्या बॅचचा पहिला धडा मात्र बदलला. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधी पलीकडून गर्जना येई, "मोजाच्या आधी विचारा, दिवस कोनाचा?" आणि पोरं ओरडत, "आपला!" माझ्या टायपिंगच्या पोरांनाही सवय लागली, तीही इकडून ओरडायची.

रोशनी शिबिराला गेली. पोलीस भरतीत तिची निवड झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मॅडमनी तिला जवळ घेतलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाहून घ्या डोंगरे जी, ही मी घडवली." रोशनीनं हसत मान डोलावली, "हव."

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते गोंदियात. त्या रायपूरला मुलीकडे कायमच्या निघाल्या होत्या, नातवंड व्हायचं होतं. बाळासाठी खरेदी करायची म्हणून त्यांनी मला स्कूटीवर मागे बसवून नेलं. म्हणजे पिशव्या धरायला. चौकात एका महिला शिपायानं हात दाखवला. गाडी बाजूला घ्या.

रोशनी होती. खाकी वर्दी, टोपी, हातात चालानचं मशीन. मॅडम गाडीवरूनच ओरडल्या, "अवो रोशनी! माय वो, कशी दिसून राहिली!" रोशनीनं पटकन सॅल्यूट ठोकला. डोळे भरून आले तिचे. आणि मग तिची नजर वर गेली. मॅडमच्या डोक्याकडे बघायला लागली.

"मॅडम," ती अगदी हळू म्हणाली, "हेल्मेट?"

आसपासचे ऑटोवाले पुढे सरकले. एकजण म्हणाला, "अरे मॅडम, पहचान की है, छोड़ दो ना." रोशनीच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मला वाटलं, सोडेल. कोणीही सोडलं असतं.

मॅडम त्या ऑटोवाल्यावर अशा कडाडल्या की कबुतरं उडाली. "छोड़ दो कैसे? नियम सबका है तो मेरा नहीं है क्या? तू काट बेटा चालान! अच्छे से काट!"

रोशनीनं चालान केलं. पावती मॅडमच्या हातात दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, मागे बसलेल्यालेही लागते जी." मी तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, "डोंगरे जी, गप बसा अन् नाव सांगा."

आता तसंच गाडीवर बसणं शक्य नव्हतं. हेल्मेटचं दुकान चौकापलीकडे होतं. मॅडम खाली उतरल्या, स्कूटी हातानं ढकलायला लागल्या, मागून पिशव्या घेऊन मी. मी आयुष्यात इतका अभिमानानं फुललेला गुन्हेगार पाहिला नाही. रोशनी धावत चौकाच्या मधोमध गेली, शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात आडवे केले. धानाचा ट्रक थांबला, ऑटो थांबले, मोटारसायकली थांबल्या, आणि पटले मॅडम बंद स्कूटी ढकलत, एकेका थांबलेल्या गाडीवाल्याला "मेरी लड़की है! मेरी!" असं ठणकावून सांगत चौक ओलांडून गेल्या.